नळीवर सगळं लिहिलेलं असतं

…आणि वर मलाच म्हणतो, "तातय, नळीवर काय लिहिलंय ते वाचा!" आता मला सांगा, पेट्रोलची नळी ही काय वाचायची वस्तू आहे? वर्तमानपत्र आहे का ते? एकाहत्तर वर्षं झाली मला, नळी कापायची, बसवायची, क्लिप आवळायची आणि विसरून जायचं, एवढंच मला ठाऊक… अरे तोतो, तो कोंबडा मांडीवर घे, पायात नको, ब्रेकखाली गेला तर तोही जाईल आणि आपणही जाऊ! आणि इंदाय, तू मागे त्या दांड्याला धर, त्या बाजूला दार नाही. घाबरू नकोस, दार कधीच नव्हतं. हां. बसलात नीट? बाकोलोदच्या बसला अजून पुष्कळ वेळ आहे हो, आणि ही गेलीच तर मागून दुसरी येईल. बस काय, येतच असते. तर काय सांगत होतो… नळी!

तर म्हणणारा कोण, तर माझा मुलगा, नेस्टर. कतारला असतो, मोठ्या गॅरेजात मिस्त्री आहे. अकरा वर्षं झाली. एकुलता एक. त्याला तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी सातला फोन. चुकत नाही कधी, खोटं कशाला बोलू! पण फोन म्हणजे कसा, ऐका. "तातय, जेवलात?" जेवलो. "काय?" मासा. "गोळी घेतली?" घेतली. "पाऊस?" आहे. "बरं मग, ठेवतो, जपा." संपलं! मी घड्याळ समोर ठेवून मोजलंय, एक मिनिट चाळीस सेकंद. त्यातही निम्मा वेळ नुसतं "हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो" यातच जातो. म्हणजे आठवडाभर वाट बघायची, दाढीबिढी करून बसायचं… हसू नका, करतो मी दाढी, फोनवर दिसत नसलो तरी करतो… आणि शेवटी काय, तर मासा!

त्याची आई होती ना, रेमेडिओस, तेव्हा एकेक तास चालायचं. ती फोनवर, मी मागच्या खुर्चीत. मी नुसता ओरडायचो, "माझ्याकडून पण विचार गं!" काय विचार ते मी सांगायचो नाही, ती बरोब्बर विचारायची. बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं, अशी आमची पहिल्यापासून वाटणी. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि फोन माझ्या हातात आला. पण माणूस बोलतो कसं, ते काही फोनबरोबर आलं नाही! मला सांगा, काय बोलतात हो मुलाशी? बायकांना येतं. आपण आपलं… मासा.

मग काय झालं, ह्या फेब्रुवारीत जीपला पेट्रोलचा वास मारायला लागला. ही जीप बघताय ना, पत्रा मी ठोकलाय, सांगाडा मेहुण्याचा, आणि इंजिन नेस्टरनं जाण्याआधी बसवलेलं, एका ठोकलेल्या मोटारीतलं, इंजेक्शनचं. अकरा वर्षं एक दिवस कुरकुरलं नाही. आणि आता वास! तर शुक्रवारी "जेवलात?" झालं, "गोळी?" झालं, तो ठेवणार एवढ्यात मी आपलं सहज म्हटलं, "जीपला वास येतोय रे." अहो, काय सांगू तुम्हाला! तिकडून नुसता स्फोट! "वास? पेट्रोलचा? कधीपासून? तातय, चालवताय का तशीच? तातय, पेटेल ती! आत्ता जा, बॅटरी घ्या, खाली वाका, टाकीकडून इंजिनाकडे काळी नळी गेलीय ना, तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा!"

मी म्हटलं, नळीवर कशाला काय लिहिलेलं असेल?

तर म्हणतो, "नळीवर सगळं लिहिलेलं असतं, तातय, फक्त वाचायचं!"

आता बघा दृश्य. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा जीपखाली पाठीवर पडलाय, डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात ओलं फडकं, फोन कानाखाली दाबलेला, पोटावर शेजाऱ्याची कोंबडी. आणि फडक्यानं पुसलं तर खरंच की हो! पांढरी बारीक अक्षरं, मुंगळ्यांची रांग चालल्यासारखी. मी वाचतोय, "तीस… आर… सात." तिकडे त्यानं कपाळावर हात मारलेला मला इथे ऐकू आला. "सात? सात कुणी घातली? मी नऊ घातली होती!" कुणी म्हणजे मीच, दुसरं कोण? मधे एकदा जुनी फाटली, मी बाजारातून दुसरी आणली. कशी आणली म्हणाल, तर आणतात तशीच! पुरिंगच्या दुकानात नळीचं वेटोळं खिळ्याला टांगलेलं, मी करंगळी लावली, टोक अडकलं पण आत गेलं नाही, म्हणजे बरोबर अडीच सुती. पुरिंगनं एक फुंकर मारली, पलीकडून हवा आली, म्हणजे माल उत्तम. जमिनीवरची फरशी एक फुटाची, तीन फरश्या मोजल्या, कापली, दिली. सगळं गाव असंच घेतं हो. त्यात वाचायचं कुठे आलं?

तर मग सांगत बसला. काय सांगत बसला म्हणता! की तीस म्हणजे नळ्यांच्या नियमाचा नंबर, आणि आर म्हणजे नळी, आणि पुढचा आकडा म्हणजे तिची जात. सात म्हणजे कमी दाबाची, जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ठीक. इंजेक्शनला पंप जोरात ढकलतो, तिथे नऊ पाहिजे. आणि आता पेट्रोलात स्पिरिट मिसळतात, ते जुन्या रबराला आतून खातं… आता स्पिरिट कशाचं, तर उसाचं! म्हणजे हा दोन्ही बाजूला दिसतोय ना ऊस, हाच! जन्मभर ह्यानं माझी कंबर खाल्ली, आता नळी खातोय! मी हे त्याला म्हटलं आणि तो हसला. हसला हो! तीन वर्षांत फोनवर पहिल्यांदा. आणि फोन ठेवल्यावर मी घड्याळ बघतो तर किती? एकेचाळीस मिनिटं!

मी तिथेच जीपखाली पडून राहिलो थोडा वेळ. कोंबडी पण बसूनच होती. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

हळू हळू, समोरून रेडा येतोय… येऊ दे त्याला, त्याला घाई नाही, आपल्याला कुठेय?

तर गेलो पुरिंगकडे. म्हटलं, नऊ दे. ती म्हणते, "नऊ फूट?" म्हटलं, नाही गं, नऊ नंबरची, नळीवर लिहिलेलं असतं. ती म्हणते, "लोलो," म्हातारा दिसला की सगळे लोलोच म्हणतात, "एवढी वर्षं मी नळी विकतेय, मला कधी काय लिहिलेलं दिसलं नाही, आणि तुम्हाला ह्या वयात दिसायला लागलं?" मग दोघांनी मिळून वेटोळं उलगडलं. मागच्या कोपऱ्यात नऊ निघाली. तीन फूट कापली तर टोकाला नुसतं "तीस आर" एवढंच आलं, पुढचं वेटोळ्यावर राहिलं! छापलेलं कसं, बरंच अंतर सोडून पुन्हा पुन्हा असतं ना. म्हटलं, पुढचं पण दे, मुलाला अख्खं वाचून दाखवायचंय. पुरिंग म्हणते, "कमाल आहे! लोक गाडीच्या मापानं नळी घेतात, तुम्ही वाक्याच्या मापानं घेताय!"

पण घेतली. आणि शुक्रवारी वाचून दाखवली, पहिल्या अक्षरापासून. कुठे बनली, किती जाडीची, किती दाब सोसते. "आणि वर्ष, तातय? वर्ष लिहिलेलं असतं." असतं की! नळीला जन्मसाल असतं, तुम्हाला सांगतो! दुकानात पडून म्हातारी झालेली नळी घ्यायची नाही म्हणे, नुसत्या टांगून ठेवलेल्या पण सुकतात. मी म्हटलं, ते मला सांगू नकोस, मला ठाऊक आहे. पस्तीस मिनिटं! बॉयेतनं, म्हणजे शेजारचा तो तीनचाकीवाला, त्यानं ती बसवली, अक्षरं वर करून. नेस्टरची तशी ताकीद होती. नळी नेहमी अक्षरं वर ठेवून बसवायची, पुढचा मिस्त्री वाकला की त्याला वाचता यावं. कोण येणार आहे पुढचा मिस्त्री? पण ठीक आहे.

आणि पुढच्या शुक्रवारी? "वास?" नाही. "जेवलात?" जेवलो. "ठेवतो." एक मिनिट तीस सेकंद!

आता मी जे केलं ते कुणाला सांगू नका. तुम्ही बाकोलोदला चाललाय, कुणाला सांगणार म्हणा. मी पुन्हा जीपखाली शिरलो आणि नळ्या मोजल्या. एक टाकीकडून इंजिनाकडे, ती झालीच. एक उरलेलं पेट्रोल परत टाकीत नेणारी. एक वाफेची. एक पेट्रोल भरायच्या तोंडाची, जाडी. अशा करत करत उरल्या सहा. सहा नळ्या, सहा शुक्रवार! एकदम सांगायचं नाही काही. दर शुक्रवारी एक काढायची, "नेस्टर, ती वाफेची जरा चिरल्यासारखी दिसतेय रे…" की लागला तो बोलायला! मधेच त्याच्या गॅरेजातलं सांगायचा, त्याचा तो केरळचा जोडीदार कसा घोरतो ते सांगायचा. एकदा म्हणाला, "तातय, इथे गरम फार होतं." अकरा वर्षांत मला कधी म्हणाला नव्हता हो. आईला म्हणत असेल. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "रबराला चालतं का एवढं गरम?" तो म्हणाला, "रबराला चालतं."

मला सुचलंच नाही दुसरं. आता सुचतं, रोज सुचतं.

तर पाच शुक्रवार असे छान गेले. सहावी नळी म्हणजे टाकीच्या आतली. पंप टाकीतच बसतो ना, त्याच्या डोक्यावर वीतभर तुकडा असतो. त्या वेळी मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, आता आपल्याला सगळं कळतं! नऊ म्हणजे सगळ्यात दणकट, मग नऊच घालू. विचारलं नाही, परस्पर घातली. उगाच सांगून सगळं एकदम संपवू नये, एखाद्या रिकाम्या शुक्रवारी वाचून दाखवू, शाबासकी घेऊ. पंधरा दिवसांत जीप उसाच्या गाड्यांच्या मधोमध, आत्ता गेला ना तो पूल, त्याच्यावरच बंद! मागे ट्रकांची रांग, भोंग्यांवर भोंगे, "लोलो, झोप घरी जाऊन काढा!" बॉयेतनं ओढून आणली, टाकी उघडली, तर नळी कुठेय? नुसता गाळ! भिजवलेल्या पापडासारखी बोटाला चिकटून आली.

नेस्टर ओरडला, असा ओरडला! "तातय, टाकीच्या आत दहा! आर दहा! नऊ आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही सोसत! टाकीत बुडलेली असते ती, आतूनही पेट्रोल, बाहेरूनही पेट्रोल. वाचलं का नाही तुम्ही? नळीवर सगळं लिहिलेलं असतं!" म्हटलं, बाबा, नऊ लिहिलं होतं ते वाचलं, "टाकीत बुडवू नका" असं कुठे लिहिलं होतं? त्यावर तो शांत झाला. मग अगदी पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. अठ्ठावन्न मिनिटं. अठ्ठावन्न! रेमेडिओसनं पण कधी… म्हणजे तिनं केलेली असतील, पण माझी अठ्ठावन्न पहिलीच.

आणि तिथे मला हाव सुटली. माणसानं हाव करू नये. पुरिंगकडे दहा मिळाली, तेवढुशा तुकड्याला सोन्याचा भाव, पण मिळाली. बसवली. जीप चालायला लागली. झालं होतं हो सगळं! पण शुक्रवारी सात वाजता फोन वाजला आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. जीप ठीक, नळ्या ठीक, मासा खाल्लेला. तो म्हणाला, "दहाच आहे ना? काय लिहिलंय?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "सत्तर." "काय?" म्हटलं, "आर सत्तर लिहिलंय रे." "तातय, आर सत्तर असं जगात काही नाही." म्हटलं, "इथे आहे." म्हटलं, आता तो चिडेल, मग सांगेल, मग समजावेल, अर्धा तास तरी सहज…

चिडला नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणतो, "तातय, तुमचे डोळे गेलेत का? आधी डॉक्टरकडे जा. आणि जीप विकून टाका. मी इथे आहे, तुम्हाला काही झालं तर मला पोचायला दोन दिवस लागतील."

आता काय करायचं? खोटं बोललो म्हणून सांगू? का बोललात विचारलं तर काय सांगू? की तुझा आवाज ऐकायचा होता? बापानं मुलाला असं सांगायचं? कुणी सांगतं का तुमच्याकडे? ह्या तोतोला विचारा, ह्याचा बाप सांगतो का! मान हलवतोय बघा, नाही म्हणतोय. म्हणून मी पण नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, जीप विकणार नाही, तुझं इंजिन आहे तिच्यात. त्यावर तो म्हणाला, "बरं. पण मी खोकं पाठवतोय. ते येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही."

दोन महिने! समुद्रानं येतं ना खोकं, तुम्हाला माहितीय, कुणाचं नाही येत? आणि दोन महिने फोन कसे? "किल्लीला हात नाही ना लावला?" नाही. "डॉक्टर?" गेलो. "काय म्हणाले?" डोळे बरे आहेत म्हणाले. "दुसऱ्या डॉक्टरकडे जा." ठेवला!

आलं एकदाचं खोकं. सगळी आळी जमली उघडायला. मांसाचे डबे सगळ्यांना एकेक, साबण, चॉकलेट, टॉवेल, माझ्या पायाला दोन नंबर मोठे बूट. आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळून, बाळाला गुंडाळतात तशी, नळ्यांची जुडी. सातही नळ्या! एकेक मापानं कापलेली. अकरा वर्षं झाली जीप बघून, पण सुतभर फरक नाही, डोक्यात होतं त्याच्या. प्रत्येकीला पांढरी पट्टी, पट्टीवर त्याच्या हातानं लिहिलेलं, कुठून कुठे, कुठली बाजू वर, कुठली क्लिप. आणि अक्षर केवढं मोठं! हे एवढं! बापाचे डोळे गेलेत म्हणून एवढं मोठं काढलंय पोरानं, एकेक अक्षर सावकाश, गिरवून. दिवसभर काम करून रात्री बसला असेल हो त्या घोरणाऱ्याच्या शेजारी, आणि इकडे माझे डोळे चांगले धडधाकट! लाज वाटली मला. आणि वर चिठ्ठी: "तातय, नळीवर सगळं लिहिलेलं आहे. आता कुणाला काही विचारायची गरज पडणार नाही."

कुणाला म्हणजे कुणाला? मी विचारणार कुणाला होतो? त्यालाच ना!

बॉयेतनं तासाभरात बसवल्या. एक प्रश्न नाही, एक अडचण नाही, एक क्लिप कमी नाही की जास्त नाही. जरा एखादी लांडी कापायची होती रे! शुक्रवारी फोन. "बसवल्या?" बसवल्या. "गळती?" नाही. "छान! उत्तम माल आहे, तातय, आता दहा-पंधरा वर्षं बघायला नको." पंधरा वर्षं! मी म्हणजे शहाऐंशीचा! "जेवलात?" जेवलो. एक मिनिट दहा सेकंद. पूर्वीपेक्षा कमी!

म्हणून मग सकाळी जीप काढतो, रस्त्यात कुणी उभं दिसलं की थांबतो. घरी भिंतीशी किती बोलणार? पुरिंग म्हणते, "लोलो, नळीची गोष्ट दहा वेळा सांगून झाली, आता घ्यायचं असेल ते घ्या." तुम्ही बिचारे ऐकताय. भाडं नको हो, ठेव ते खिशात, भाड्यासाठी करतोय का मी… हा बघा, आलाच तुमचा थांबा. बस पण उभी आहे. तिला आजच वेळेवर यायचं होतं! उतरा, सांभाळून, कोंबडा घे तोतो. हां… जरा एक मिनिट. बस सुटत नाही लगेच, ड्रायव्हर चहा पितोय. जाता जाता एक करा माझ्यासाठी. ह्या बाजूला या, टाकीजवळ. दोघंही. वाका जरा. आता नाकानं चांगला श्वास ओढा… पेट्रोलचा वास येतोय? अगदी थोडासा? इंदाय, तू बघ, बाईचं नाक तिखट असतं… नाही? पुन्हा एकदा बघ गं… जरासुद्धा नाही?

…नाहीच.

बरं. पळा, बस सुटेल. काम चोख करतो हो पोरगा.